राजूरचा हेल आणि पुण्यातली मुलाखत

चतुर्थीच्या दिवशी राजूरच्या गणपतीच्या टेकडीखाली नुसता कान देऊन उभं राहावं. जालना-भोकरदन रस्त्यावर, जालन्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे गाव गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक म्हणून ओळखलं जातं आणि अंगारकीला तर पायी निघालेल्या भाविकांनी रस्ता फुलून जातो. बुलढाण्याकडची बाई सांगत असते, ‘आमी सकाळीच निंगालो.’ सिल्लोडचा पोरगा मोबाइलवर ‘येऊ राहिलो ना, थांब’ म्हणून कुणाला तरी दम देतो. परतूर-मंठ्याकडचा त्याच अर्थानं ‘यायलो, यायलो’ म्हणतो. नारळवाल्याला सगळ्यांचं कळतं आणि त्याचं सगळ्यांना. भोकरदन तालुक्याच्या एका अंगाला बुलढाणा, दुसऱ्या अंगाला छत्रपती संभाजीनगर, वर खानदेश. अशा तिठ्यावर मराठी एका साच्यात राहणं शक्यच नसतं. इथं कुणी कुणाच्या बोलण्याला हसत नाही.

हसणं सुरू होतं ते पुण्यात. किंवा त्याच्याही आधी, फोनवर.

गावातला पदवीधर पोरगा मित्राशी बोलताना ‘कामून फोन केल्ता रे?’ असं विचारतो. तेवढ्यात दुसरी घंटी वाजते, हिंजवडीच्या एखाद्या कंपनीतून बोलणारी बाई असते, आणि पोराचा आवाज बदलतो. तो चार पावलं बाजूला जातो, आवाज खाली आणतो, शब्द सावकाश टाकतो. ‘हो मॅडम, मी उपलब्ध आहे.’ ‘उपलब्ध’ हा शब्द त्यानं घरात आयुष्यात वापरलेला नसतो. फोन संपला की मित्र टोमणा मारतात : ‘लई पुनेरी झाला बे!’ तिकडे गावंढळ आणि इकडे पुणेरी, अशा दोन्हीकडच्या शिक्क्यांमध्ये सापडलेली ही पिढी आहे. स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत खोली घेणारी, वाळूजच्या कारखान्यात लागलेली, बँकेच्या नाहीतर विम्याच्या कॉल सेंटरात बसलेली.

नेमकं काय बदलावं लागतं त्यांना? शब्द बदलणं सोपं. ‘कामून’च्या जागी ‘का’, ‘लेकरू’च्या जागी ‘मूल’, ‘आवंदा’च्या जागी ‘यंदा’, हे महिन्याभरात जमतं. क्रियापदाची रूपं जरा चिवट असतात. ‘गेल्तो’, ‘आल्तो’, ‘करायलो’ ही रूपं घाईत तोंडातून निसटतातच. सगळ्यांत चिवट असतात ते उच्चार. ‘पानी’, ‘कोन’, ‘आनि’ यांतला न. ‘साळा’ आणि ‘सर्ट’ यांतला स. ‘इहीर’, ‘इचार’, ‘इकत’ म्हणताना गळून पडलेला व. ‘येळ’ आणि ‘येक’मधला य. त्यावर वाक्याचा हेल. तो तर बोलणाऱ्याला स्वतःला ऐकूच येत नाही, मग सुधारणार काय?

यांतला ण सगळ्यांत कुप्रसिद्ध. मराठी माणूस समोरच्याचं शिक्षण, गाव आणि पुष्कळदा जातसुद्धा या एका अक्षरावरून ताडतो. हा अंदाज अनेकदा सपशेल चुकतो, तरी तो बांधायची खोड काही जात नाही.

एका अक्षरावरून माणसाची पायरी मोजता येते, हे न्यूयॉर्कमध्ये विल्यम लबॉव या भाषाशास्त्रज्ञानं १९६२ मध्ये मोठ्या गमतीदार रीतीनं दाखवलं. त्यानं तीन दुकानं निवडली : उंची, मध्यम आणि स्वस्त. प्रत्येक ठिकाणी विक्रेत्याला असा प्रश्न विचारायचा की उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ असंच यावं, आणि त्यातला र उच्चारला जातो का ते गुपचूप टिपून घ्यायचं. एकूण २६४ जणांना विचारलं. उंची दुकानात ६२ टक्के लोकांनी तो र कुठे ना कुठे उच्चारला, मध्यम दुकानात ५१ टक्क्यांनी, स्वस्त दुकानात जेमतेम २० टक्क्यांनी. हे विक्रेते काही वेगवेगळ्या देशांतून आलेले नव्हते. गिऱ्हाईक कोण आहे, यावर त्यांची जीभ वळत होती. हाच प्रयोग पुण्यात करायचा झाला तर लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानात शिरून ‘तहान लागलीय, काय मिळेल?’ एवढं विचारलं तरी पुरेल.

लबॉवला आणखी एक गोष्ट सापडली, ती राजूरच्या पोरांना जास्त लागू पडते. वर चढू पाहणारा मधला वर्ग सावधपणे बोलताना वरच्या वर्गापेक्षाही जास्त ‘शुद्ध’ बोलतो. पुण्यात वर्षभर राहिलेल्या, ण पक्का करायच्या नादात असलेल्या मुलाच्या तोंडी ‘अणुभव’ आणि ‘मणापासून’ ऐकू येतं ते याचमुळे. न म्हणजे गावठी, ण म्हणजे शहरी, असं डोक्यात बसलं की जिथं न हवा तिथंही ण घुसतो. ऐकणारा हसतो. पण या चुकीमागे आळस नसतो, जास्तीची मेहनत असते, हे मात्र हसणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आता प्रश्न असा की हे प्रमाण ठरवलं कुणी? मराठीच्या जुन्या ग्रंथांचा नकाशा काढला तर गोदावरीचं खोरं गच्च भरतं. मुकुंदराज अंबाजोगाईचे, ज्ञानेश्वरांचं आपेगाव पैठणजवळ, नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडच्या, एकनाथ पैठणचे. १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांचं जांब तर जालना जिल्ह्यातच, घनसावंगी तालुक्यात आहे. मुलांचे उच्चार सुधारावेत म्हणून त्यांच्याकडून मनाचे श्लोक म्हणून घ्यायची रीत पुण्या-मुंबईच्या घरांत आहे. ते रचणारा माणूस जांबचा होता, हे अशा वेळी कुणाला आठवत नाही. ‘म्या सांगितलं’ यातला ‘म्या’ आज खेडवळ समजला जातो. तोच ज्ञानेश्वरीत ‘म्यां’ म्हणून सुखानं नांदतो. म्हणजे रूप बिघडलेलं नाही, जुनं आहे. शहरानं टाकलं आणि गावानं ठेवलं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात दर्जा दिला, त्यामागचा पुराव्यांचा मोठा भार याच मुलखातल्या ग्रंथांनी उचललेला आहे.

मग पारडं फिरलं कसं? पेशवाईत सत्ता पुण्यात गेली आणि इंग्रजांनी छापखाने, शाळा, कोश हे सगळं मुंबई इलाख्यात उभं केलं. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. पुस्तकांत जी मराठी शिरली ती प्रामुख्यानं पुण्याच्या शिकलेल्या ब्राह्मण घरांतली. त्या वेळी जालना निजामाच्या राज्यात होता आणि तिथं कारभाराची भाषा आधी फारसी, पुढं उर्दू होती. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचं शिक्षणाचं माध्यमही उर्दूच. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला, पण हैदराबाद संस्थान त्या सर्वेक्षणाच्या कक्षेतच नव्हतं. वऱ्हाडी, नागपुरी, कोकणी मराठीचे नमुने गोळा झाले. सरहद्दीच्या अलीकडचं भोकरदन-राजूर तसंच राहून गेलं. पुढं १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघालं, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली. थोडक्यात, ज्या घरात आजोबांचं शिक्षण उर्दूत झालं आणि बापानं पुस्तकी मराठी पहिल्यांदा शाळेतच ऐकली, त्या घरातल्या नातवाकडून आज ‘सफाईदार’ बोलण्याची अपेक्षा केली जाते.

बोलीवरून माणसाला मोडीत काढायची युक्तीही नवी नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीराव फुल्यांवर तुटून पडताना त्यांच्या व्याकरणाच्या चुका पुढं केल्या होत्या. फुले शेतकऱ्याच्या लुबाडणुकीबद्दल बोलत होते आणि उत्तर मिळत होतं विभक्तीबद्दल.

उच्चाराची किंमत प्रत्यक्ष मोजणारा एक प्रयोग अमेरिकेत झाला आणि तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांची कथा राजूरकरांपेक्षा फार वेगळी नाही : घरात एक बोलणं, नोकरीवर दुसरं, आणि दोन्हीकडे जरा परके. जॉन बॉ हे भाषाशास्त्रज्ञ लहानपणापासून तीन धाटणींचं इंग्रजी बोलत. एक सर्वमान्य, एक कृष्णवर्णीयांचं, एक मेक्सिकन-अमेरिकनांचं. त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात भाड्याच्या घरांच्या जाहिराती पाहून घरमालकांना या तिन्ही आवाजांत फोन केले. माणूस तोच, वाक्यही तेच. फक्त धाटणी वेगळी. सहकाऱ्यांसोबत १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात वुडसाइड या श्रीमंत, गोऱ्या वस्तीत सर्वमान्य आवाजाला साधारण दहापैकी सात वेळा घर बघायला बोलावणं आलं. मेक्सिकन वळणाच्या आवाजाला जेमतेम दोनदा. त्याच अभ्यासाचा दुसरा भाग आणखी चकित करणारा होता : नुसतं ‘हॅलो’ ऐकून बहुसंख्य लोकांना बोलणारा कोणत्या गटातला आहे ते बरोबर ओळखता आलं.

पुण्यात खोली शोधणाऱ्या मुलांना हे सांगायला अमेरिकेतल्या प्रोफेसराची गरज नाही. जालना जिल्ह्यातले अन्सार शेख २०१५ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत अवघ्या एकविसाव्या वर्षी, ३६१ वा क्रमांक मिळवून उत्तीर्ण झाले. रिक्षाचालकाचा हा मुलगा मराठी माध्यमातून इथवर पोहोचला होता. पुण्यात शिकताना राहायला जागा मिळेना म्हणून आपण ‘शुभम’ हे नाव सांगितलं होतं, असं त्यांनी निकालानंतर सांगितलं आणि ती बातमी देशभर गाजली. त्यांच्या बाबतीत अडसर धर्माचा होता, बोलीचा नव्हे. पण दाराबाहेर उभं राहून आपण कोण आहोत हे झाकायची पाळी कशी येते, ते यातून स्वच्छ दिसतं. नाव एक वेळ बदलता येतं. आवाज बदलायला वर्षं जातात.

आणि यातला खरा कडू भाग असा, की हसणारे फक्त पुण्याचे नसतात. कॅनडात मॉन्ट्रियलला वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९६० मध्ये दोन्ही भाषा येणाऱ्या लोकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले; एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये. ऐकणाऱ्यांना माणूस एकच आहे हे ठाऊक नव्हतं. इंग्रजीतला आवाज त्यांना जास्त हुशार, एवढंच काय, जास्त उंच आणि देखणाही वाटला. असं मत देण्यात फ्रेंच भाषक विद्यार्थीही मागे नव्हते. आपल्याच माणसाचा आवाज त्यांना आपल्याच भाषेत कमी दर्जाचा वाटला. भोकरदनहून जाऊन पुण्यात दहा वर्षं काढलेला साहेब भोकरदनहून नव्यानं आलेल्या उमेदवाराला जास्त कडक मार्क देतो, ही तक्रार मराठवाड्याच्या पोरांत सर्रास ऐकू येते, ती या प्रयोगानंतर मुळीच नवलाची वाटत नाही.

गंमत म्हणजे हाच मराठवाडी हेल दोन ठिकाणी भरपूर चालतो. एक रंगमंच, दुसरं राजकारण. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं बावन्न पात्रं उभी केली आणि मराठवाड्याच्या खेड्यातलं बोलणं मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत हाऊसफुल्ल केलं; पुढं तोच प्रयोग संदीप पाठक करू लागले. मकरंद अनासपुरे यांचं तर हा हेल हेच भांडवल. मालवणीत ‘वस्त्रहरण’नं १९८० मध्ये हेच करून दाखवलं होतं. राजकारणात बघायचं तर भोकरदन तालुक्यातल्या जवखेड्याचे रावसाहेब दानवे १९९९ पासून सलग पाच वेळा जालन्याचे खासदार झाले, रेल्वे राज्यमंत्री होते, आणि दिल्लीतही त्यांनी आपलं गावाकडचं बोलणं सोडलं नाही. त्यांच्या सभेला लोक बोलणं ऐकायलाही जातात.

म्हणजे बोलीला हसवायची मुभा आहे, मतं मागायची मुभा आहे. त्याच बोलीत कुणी यंत्राचा बिघाड समजावून सांगितला, कर्जाचा हिशेब मांडला, आजाराचं निदान केलं, की मात्र ऐकणारा अस्वस्थ होतो. साहित्यानं ही भिंत कधीच पाडली. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१ ची. त्यातली पार्वती सगळी कहाणी आपल्या बोलीतच सांगते आणि एका क्षणालाही ती विनोदी वाटत नाही. बुलढाण्याच्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला शिकलेला, बेकार एकनाथ राजूरपासून फार लांबचा नाही. या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुरस्कार देताना बोली चालते, तर नोकरी देताना का नाही?

इथं दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. काही कामांत उच्चार सर्वांना कळेल असा असावा लागतो. विमानतळावरच्या सूचना, आपत्कालीन फोन, राज्यभर ऐकली जाणारी बातमी. नांदेडच्या माणसाचं ‘करलालो’ सावंतवाडीला पहिल्या झटक्यात कळेलच असं नाही, आणि उलटही. प्रमाण मराठी ही सगळ्यांना भेटायची एक जागा आहे आणि ती शिकण्यात काहीच गैर नाही. शिकलेली एक जास्तीची भाषा म्हणून ती वापरावी; पहिली पुसायची अट कशाला? बीबीसीनं १९४१ मध्ये यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्सला बातम्या वाचायला बसवलं, तेव्हा श्रोत्यांनी तक्रारी केल्या. त्याचं बोलणं कळत नव्हतं असं नाही. त्या तोंडून आलेली बातमी ‘खरी वाटत नाही’ अशी कुरकुर होती. कळणं आणि पटणं यांतला हा घोटाळा तिथं ऐंशी वर्षांपूर्वीचा, आपल्याकडे आजचा.

इंग्रजीच्या बाबतीत तर हा धंदाच झालाय. कॉल सेंटरच्या भरतीत ‘एमटीआय’ तपासतात, म्हणजे मातृभाषेची इंग्रजीवर पडलेली छाया. ती जितकी कमी तितकं चांगलं. आता तेही काम यंत्राकडे गेलंय : भारतातल्या कर्मचाऱ्याचा आवाज बोलता बोलताच अमेरिकी कानाला ओळखीचा करून देणारं सॅनस कंपनीचं सॉफ्टवेअर टेलीपरफॉर्मन्ससारखी बडी कंपनी वापरू लागल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. पोरानं उच्चाराच्या क्लासला भरलेली फी त्यामुळे वाया गेली की वाचली, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

हवा थोडी बदलते आहे हेही खरं. २०१६ च्या ‘सैराट’नं करमाळ्याकडची बोली नायक-नायिकेच्या तोंडी दिली, नोकराच्या नव्हे. यूट्यूबवर शेतीचे व्हिडिओ करणारी मराठवाड्यातली मुलं आपल्या हेलातच फवारणीचं प्रमाण सांगतात आणि बघणारे ते लिहून घेतात. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी २०१७ पासून मराठीच्या बोलींचं नवं सर्वेक्षण हाती घेतलं. गावोगावच्या लोकांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ते सगळ्यांना ऐकायला खुले केले आहेत. ग्रियर्सनच्या कक्षेबाहेर राहिलेल्या मराठवाड्यातल्या बोलींचीही त्यात शास्त्रीय नोंद होते आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते, आणि त्यांतले बहुतेक जण घरात पुस्तकी मराठी बोलत नाहीत.

मुलाखत घेणाऱ्यांनी एक साधी गोष्ट करून बघावी. गुणपत्रिकेत ‘संवादकौशल्य’ असा जो एकच मोघम रकाना असतो, त्याचे दोन करावेत. पहिल्यात लिहावं, उमेदवाराचं म्हणणं समजलं का, मुद्दा नीट मांडला का, प्रश्न नीट ऐकला का. दुसऱ्यात, त्याचं बोलणं आपल्यासारखं वाटलं का. मग दुसऱ्या रकान्याचे मार्क बेरजेत धरू नयेत. आणि राजूरच्या पोरांनी ण जरूर शिकावा, वेळ लागला तरी सरावानं तो येतो. पण फोन आला म्हणून चार पावलं बाजूला जायचं काही कारण नाही.